खरकट्यासाठी तरतूद

इतिवृत्तात फक्त इतकंच येईल:
विषय क्रमांक सहा. जेवणाच्या फिरत्या डब्यांची योजना.
मागणी, चाळीस हजार डॉलर.
चर्चा झाली.

मी नगरकार्यालयातली कारकून. एकोणीस वर्षं
या गोठणाऱ्या सरोवराच्या काठचं
सगळं भांडण, हुंदका, खोकला
'चर्चा झाली' या दोन शब्दांखाली पुरत आलेय.

पा कू व्हांग पहिली उठली.
मंगळवारच्या बाजारात नूडल्सचा गाडा लावते ती.
तीन मिनिटांचं घड्याळ सुरू झालं होतं,
तरी आधी तिनं पिशवीतून एक डबा काढला,
हिरवा, झाकणावर ओरखडेच ओरखडे,
आणि माझ्या कागदांवर ठेवला.
'हा एकशेबारा वेळा जेवलाय.'
मी लिहिलं: नमुना सादर.

डबे आहेत, म्हणाली, बाराशे. नेणारे आहेत.
आणून देणारेही आहेत, थोडे उशिरा का होईना.
नाही ती मोरी.
माझ्या सिंकमध्ये रात्री दोनपर्यंत
मी आणि माझा भाचा च्यू,
साऱ्या गावाचं खरकटं आम्ही दोघं.

रॉजर टिबेट्सनं टोपी काढली. भला माणूस आहे,
बर्फात कुणाचीही गाडी ढकलायला येतो.
'मी घरी जेवतो. माझी ताटली मी धुतो.
दुसऱ्याच्या उष्ट्यासाठी माझा कर कशाला?'
टाळ्या पडल्या. माझेही हात
टेबलाखाली जरा हलले, कबूल करते.

मग कचरा डेपोचा लिंडक्विस्ट.
त्याला बोलता येत नाही, आकडे वाचता येतात.
मागच्या वर्षी नेलेला कचरा, त्यातले फेकलेले डबे,
त्यांचं वजन, त्यांचं डिझेल, खड्ड्याचं भाडं.
बेरीज वाचून तो खाली बसला.
नुसता बसला.

मी अंदाजपत्रक उघडलं. पान एकतीस.
दरवर्षी हे पान मंजूर होतं
कुणीतरी घसा साफ करतो तेवढ्या वेळात.
फेकण्याला लेखाशीर्ष आहे.
धुण्याला नाही.

चार विरुद्ध तीन.
यंत्र मंजूर.
यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसाचा पगार नामंजूर;
ती सोय, म्हणे, गावकरी हौसेनं करतील.
पा कू हसली. ते हसू कुठल्या रकान्यात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.

यंत्र नोव्हेंबरात आलं. जुन्या अग्निशमन ठाण्यात,
जिथे बंब उभा राहायचा तिथे
आता वाफ उभी राहते.
गुरुवारी मी जाते. हौस नाही,
त्या रात्रीचे टेबलाखालचे हात आहेत.
सुकलेला रस्सा नखानं खरवडावा लागतो आधी,
ते काम यंत्राला जमत नाही.
च्यू झाकणं लावतो, मोजतो,
न आलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतो
शाळेत हजेरी घेतात तशी.

नियम दारावर लावलाय, मीच टाइप केलेला:
डबा रिकामा करून परत द्यावा.
आइली कोस्किनेन, वय अठ्ठ्याऐंशी, तो पाळत नाही.
तिच्या डब्यात कधी चार बटाटे,
कधी लोकरीचा गुंडा, एकदा वापरलेली तिकिटं,
च्यूला आवडतात म्हणून.
विचारलं तर म्हणाली,
भांडं रिकामं परत द्यायला हात धजत नाही गं.

काल रात्री तिच्या डब्यात एक पाकीट होतं.
आत वीस डॉलर, आणि वाकड्या अक्षरात:
धुणाऱ्याला.

पावती कुठल्या शीर्षाखाली फाडू?
पान एकतीस उघडून बसलेय,
बाजूला हिरवा डबा, अजून थोडा ओला.
सोमवारी सभा आहे.
विषयपत्रिकेत मी एक ओळ मोकळी सोडलीय.